ओल्या राबाचा धूर

डॉक्टरांनी आधी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं, मग मला कळावं म्हणून मराठीत सांगितलं, फुप्फुसाचा जुनाट आजार. मुलगी माझी तेव्हा तीन महिन्यांची होती. मी म्हटलं, जुनाट? हिचा जन्म कधीचा, आणि हिला जुनाट आजार कुठून आला? डॉक्टर हसले. मी काही त्यांना हसवायला बोलले नव्हते. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा ज्याच्यात्याच्यावर राग यायचा. सकाळी मी उठायच्या आधी तो उठून बसलेला असायचा.

ती मार्चमध्ये व्हायची होती, झाली डिसेंबरात. सातवा नुकता लागला होता. मी उरवड्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे भाग तपासायच्या कामाला होते. दुपारी टेबलापाशी उभी असतानाच पाणी गेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती झाली. वजन नऊशे ग्रॅम. मला दाखवली तेव्हा तिची छाती बरगड्यांच्या आत ओढली जात होती, दर श्वासाला, आणि नर्स म्हणाली की फुप्फुसं अजून तयार नाहीत. मग ती मशीनवर श्वास घ्यायला लागली. पहिले कितीतरी आठवडे मशीनच तिच्यासाठी श्वास घेत होतं. त्या मशीननं तिला जगवलं आणि त्याच मशीनच्या दाबानं तिची कोवळी फुप्फुसं आतून दुखावली. कुणाची चूक नाही, असं डॉक्टर म्हणाले. चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? मला तर कुणीतरी हवंच होतं.

मार्चच्या मध्यात आम्ही तिला घरी आणलं, भुकूमला. बरोबर एक मशीन आलं, साधारण छोट्या कूलरएवढं. ते खोलीतली हवा आत ओढायचं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि बारीक नळीतून तिच्या नाकात सोडायचं. वीज गेली तर सिलिंडर. पायाच्या अंगठ्याला एक चिमटा आणि त्याचा छोटा पडदा उशाशी. पडद्यावरचा आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की ते यंत्र टी टी करून ओरडायचं. डॉक्टर म्हणाले होते, मे महिन्यापर्यंत सगळं नीट राहिलं तर ऑक्सिजन हळूहळू काढू. एकच गोष्ट अगदी पाळायची. धूर नको. बिडी नको, चूल नको, उदबत्ती नको, कचरा पेटवायचा नाही. हिला साधी सर्दी झाली तरी परत इथं यावं लागेल, आणि धूर गेला तर काय होईल ते मी सांगू शकत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं. मी ते घरी येऊन खडूनं दारावर लिहिलं. फक्त दोन शब्द, धूर नको.

आमचं घर म्हणजे मी, आमचे हे, आणि सासू-सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडं तशीच पद्धत. ह्यांचं काम हिंजवडीत एका कंपनीच्या स्टोअरला, सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातला. म्हणजे दिवसभर माझी गाठ ह्या दोघांशी.

पहिलं भांडण धुरीवरनं झालं. आमच्याकडं बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकतात आणि बाळाला त्या धुरावर धरतात. सगळ्यांना धरतात. मलाही धरलं असणार. आत्यांनी तिसऱ्याच दिवशी शेगडी आणून खोलीत ठेवली. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "अगं जरा धुरी देती. छातीतला कप सुटतो. दवाखान्यात ह्या गोष्टी कुटं कळत्यात."

मी दाराकडं बोट दाखवलं.

"त्ये बिडीच्या धुराचं हाय. ह्यो औषदाचा धूर हाय."

मी शेगडी उचलली आणि निखाऱ्यांसकट अंगणात नेऊन पालथी घातली. वर मोरीतलं बादलीभर पाणी ओतलं. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी पाच पोरं धुरीवर वाढली म्हणाल्या. मी म्हटलं, पाचातली किती राहिली ते पण सांगा. त्यांची तीनच राहिली आहेत. हे बोलायला नको होतं, मला बोलताना सुद्धा कळत होतं. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी फक्त भांड्यांवरनं बोलल्या, म्हणजे भांडी आपटून.

बघायला येणाऱ्या बायका तर डोक्यात जायच्या. गावात ऑक्सिजन लावला म्हटलं की माणूस आता जातंय असाच अर्थ. त्यामुळं सगळ्या हळू आवाजात बोलत यायच्या, डोक्यावर पदर, जणू काही मयताला आल्यात. एक चुलत सासू होती, ती दर दोन दिवसांनी यायची आणि दर वेळी तेच सांगायची. "ह्या मशीनची सवय लागंल गं तिला. मंग सुटायची न्हाई. दुपारचं जरा बंद ठिवत जा, थोडं थोडं." जणू तिला दारूच लागलीय. पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, तुम्हाला पण श्वास घ्यायची सवय लागलीय, दुपारचं जरा बंद ठेवून बघा. त्यानंतर ती आली नाही. आमचे हे म्हणाले, माणसं तोडतीस तू. मी म्हटलं, तोडते. आकडा ब्याण्णवच्या वर आहे ना?

मामा ह्या सगळ्यात नसायचे. त्यांनी बिडी सोडली नव्हती, पण गोठ्याच्या पलीकडं जाऊन ओढायचे आणि तोंड धुऊन, पैरण बदलून मगच घरात यायचे. मुलीच्या खोलीत ते उंबऱ्याच्या आत येत नसत. उंबऱ्यावर बसून आकडा विचारायचे. "किती हाय?" मी सांगायची, चौऱ्याण्णव. "बेस हाय," म्हणून उठायचे. तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याला आकड्याचं काय कळतंय, उगाच विचारतोय.

मग एप्रिल लागला आणि मामा मागच्या तुकड्यात शेण टाकायला लागले.

ज्यांनी भात फक्त ताटात बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. पावसाआधी भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची असतात तो तुकडा भाजून काढावा लागतो. त्याला राब म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्याच्या वर पातळ माती, म्हणजे ते भसकन जळत नाही, दिवसभर धुमसत राहतं. तणाचं बी मरतं आणि रोप जोमात येतं. मुळशीत पिढ्यान्‌पिढ्या असंच चालू आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या बाजूला कुठंही उभं राहा, डोंगराच्या अंगाला दहा ठिकाणी धूर दिसतो. आमचा राबाचा तुकडा आमच्या मागच्या दारापासून चाळीस पावलांवर. मी मोजलीत.

मी मामांना गाठलं ते फांद्या पसरत होते तेव्हा.

"मामा, यंदा राब भाजायचा नाही."

"मंग रोप कुटं टाकू, चुलीवर?"

"वरच्या शेतात भाजा."

"वर पानी न्हाई. पाऊस लांबला तर रोपाला पानी कुटनं घालू? हितं हिर हाय."

"मग कुणाकडनं तरी रोपं आणा ह्या वर्षी."

हे ऐकून ते ताठ उभे राहिले. आमच्या बापानं कुणाच्या बांधावर रोप मागितलं न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या बापाच्या पणतीला श्वास येत नाही, तिला काय सांगू, पणजोबाची अब्रू राखतोय? मग आमचं चांगलंच जुंपलं. समोरच्या टॉवरमधली माणसं दर वर्षी राबाच्या धुराचे फोटो काढून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकतात आणि त्यांचा मामांना भारी राग. ते म्हणाले, "तू बी त्या टावरवाल्यांवानी बोलाया लागलीस." मी म्हटलं, टॉवरवाले निदान पोरं धुरात घालत नाहीत. पेटवून तर बघा तुम्ही. मग माझ्याइतकी वाईट कुणी नाही.

त्यांनी हातातली फांदी खाली टाकली. मग म्हणाले, "मी बगतो कसं करायचं त्ये."

मला ते आव्हान वाटलं. आमच्याकडं पुरुष माणूस असं बोलला की त्याचा अर्थ, तू बस बोंबलत, मी करायचं तेच करणार. त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. ते बोलले नाहीत. ह्यांचं बोलतो म्हणजे असंच असतं, मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

पाच-सहा दिवस गेले. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मी मुलीला दूध पाजून निजवलं होतं. नळी नीट होती. आकडा चौऱ्याण्णव. आत्या तिच्याजवळ वाती वळत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात आले आणि मला वास आला. मागचं दार उघडलं तर राब पेटलेला. मामा एका कडेला हातात ओली फांदी घेऊन उभे.

आता जे सांगते ते नीट सांगते. धूर डोंगराकडं चालला होता. आमच्या बाजूला, सकाळी लवकर वारा डोंगरावरनं खाली उतरतो आणि उन्हं तापली की उलटा फिरून वर चढतो. म्हणून तर मामा अकरापर्यंत थांबले होते, नाहीतर राब सकाळी गारव्याला भाजतात, एवढ्या उन्हात कुणी आगीजवळ उभं राहत नाही. धूर तिरपा होऊन वर चालला होता, घराकडं नाही. राबाचा थर दर वर्षीपेक्षा निम्मा होता आणि वर मातीच घातली नव्हती, म्हणजे धुमसत राहायला नको, पटकन जळून संपावं. मातीचं आणि थराचं मला नंतर कळलं. पण धूर डोंगराकडं चाललाय हे मी तेव्हाच, दारात उभी राहून, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आतला आकडा हलला नव्हता, यंत्र गप्प होतं. पाहिलं आणि तरी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ह्या माणसानं माझं ऐकलं नाही.

मोरीतल्या नळाला पाइप लावलेलाच असतो. मी नळ पुरता सोडला आणि पाइप ओढत स्वयंपाकघरातनं मागच्या दारानं बाहेर काढला. लांब पाइप आहे, निम्म्या तुकड्यापर्यंत पुरतो. पाइप दारातनं गेल्यामुळं दार तसंच उघडं राहिलं. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

मामांनी मला पाहिलं आणि ते ओरडले, "पानी नगं. पानी मारू नगं. धूर खाली बसंल."

मला वाटलं, ह्याला राबाची पडलीय.

मी पाणी मारलं. जळत्या शेणावर आणि पाल्यावर पाणी पडलं की काय होतं ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी पण मुळशीतलीच आहे, माहेरी आमचाही राब असायचा. पण त्या वेळी माझ्या हातात पाइप होता आणि समोर आग होती, आणि मला ती विझवायची होती, त्यांच्या देखत. फस्स झालं आणि पांढरा, जाड, ओला धूर उठला. तो वर गेला नाही. तो जमिनीवर बसला आणि जमिनीलगत चहूकडं पसरला. मामा पाइप घ्यायला माझ्याकडं धावले तर मी पाइप त्यांच्यावर फिरवला. ते नखशिखांत भिजले. "अगं दार," ते म्हणाले, "दार बग."

मी वळून पाहिलं. मागचं दार दिसत नव्हतं.

तेवढ्यात आतनं टी टी सुरू झालं, आणि आत्यांची हाक. मी धुरातनं आत पळाले. स्वयंपाकघर भरलं होतं आणि पलीकडं मुलीच्या खोलीतही धूर आला होता. मशीन खोलीतली हवा ओढत होतं, म्हणजे तोच धूर तिच्या नाकात जात होता. आत्यांनी तिला छातीशी धरलं होतं पण नळी तशीच होती. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर, मग बहात्तर, मग मी पाहायचं सोडलं. तिचे ओठ निळे झाले होते आणि छाती परत आत ओढली जात होती, पहिल्या दिवसासारखी. मी मशीनची नळी काढली, मामांनी सिलिंडर आणून जोडला. त्यांना तो जोडता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मागची एक खोली आम्ही भाड्यानं दिलीय, त्या भाडेकरूची गाडी दारात होती. त्यानं काही न विचारता चालू केली. मी मुलीला घेऊन मागं बसले आणि मामा सिलिंडर मांडीवर धरून पुढं, तसेच ओले. पौड रोडला डंपर एकामागे एक लागलेले. मामा खिडकीतनं हात काढून प्रत्येकाला बाजूला व्हायला सांगत होते आणि कुणी होत नव्हतं. मी पूर्ण रस्ताभर त्यांच्या ओल्या पाठीकडं बघत होते. मला वाटत होतं, ही मेली तर ह्याच्यामुळं मेली. मी ते गाडीत बोलून दाखवलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात तिला आत घेतलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, तोवर आमचे हेही पोचले होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर झाला होता का?"

मी मामांकडं बोट दाखवलं. "ह्यांनी राब पेटवला."

खोटं नव्हतं. त्यांनी पेटवला होताच.

डॉक्टर मामांना बरंच बोलले. शिकलेला माणूस चिडला की हळू आवाजात बोलतो, ते ऐकायला जास्त वाईट असतं. मामा हात जोडून उभे होते. पैरणीतनं फरशीवर थेंब पडत होते. ह्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही भिजलात कसे?"

मी मागं सरून बाकावर बसले. आता मामा सांगणार, मला वाटलं, आणि सांगायलाच हवं होतं त्यांनी.

मामा म्हणाले, "इझवीत हुतो."

"पाणी मारलंत? पेटल्या राबावर?" आमचे हे शेतकऱ्याच्या पोटचे आहेत, त्यांना लगेच कळलं. "साठ वर्षं राब भाजताय आणि एवढं कळलं नाही?"

"घाबारलो," मामा म्हणाले. "चुकलं माजं."

ह्यांचा हात उठला होता. बापावर. सुरक्षारक्षक पुढं आला म्हणून खाली आला. मी बाकावर बसले होते, चार पावलांवर. मी बोलले नाही. सुरुवातीला धक्क्यानं बोलले नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. धक्का वगैरे काही नव्हता. मला बरं वाटलं होतं. पोरगी आत श्वासासाठी धडपडत होती आणि मला बाहेर बरं वाटलं होतं, की ते माझ्यावर आलं नाही.

ती वाचली. परत मशीनवर गेली, अकरा दिवस आत होती, आणि बाहेर आली तेव्हा तिला आधीपेक्षा दुप्पट ऑक्सिजन लागत होता. मेमध्ये सुटणार होता तो दिवाळीनंतर सुटला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं वाढतात ह्या वयात, नवी वाढतील, पण जे मागं गेलं ते मागं गेलं. आता ती चार वर्षांची व्हायला आली आहे. पळते, भांडते, माझ्यासारखीच तोंडाळ आहे. थंडी लागली की छातीत शिट्टी वाजते आणि वाफेचं मशीन काढावं लागतं. दर हिवाळ्यात एकदा दवाखाना ठरलेला. धुराचा तो दिवस झाला नसता तर हे झालं असतं का, मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला हेच उत्तर सगळ्यात जड जातं.

मामांनी त्यानंतर राब भाजला नाही. दर वर्षी जूनमध्ये ते दुसऱ्याच्या बांधावर जातात आणि रोपं मागून आणतात. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी मारून नातीला धुरात घालणारा म्हातारा म्हणून त्यांची पारावर टिंगल होते, आणि सगळ्यात पुढं ती चुलत सासू. टिंगल त्यांच्या तोंडावर होते, ते ऐकून घेतात. आमचे हे त्यांच्याशी कामापुरतं बोलतात. आत्यांनी खोलीतनं काही पाहिलं नव्हतं, त्यांनीही नवऱ्यालाच धारेवर धरलं. पाइप कुणाच्या हातात होता हे दोघांनाच माहीत आहे, त्यांना आणि मला. आणि आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

गेल्या एप्रिलात एका रविवारी मुलगी मामांच्या मागं लागली, मला पण शेतात यायचंय म्हणून. ते खुरपं घेऊन निघाले होते. त्यांनी तिचं बोट धरलं. आमचे हे ओट्यावर चहा घेत होते, तिथनंच म्हणाले, "तिला सोडा. तुमच्या भरवशावर नाही पाठवायची मी. एकदा मारलीत तेवढं पुरे."

मुलीनं विचारलं, कुणी मारलं? मामांनी बोट सोडलं आणि गेले. मुलगी रडायला लागली, मग माझ्यावर ओरडायला लागली, आणि मी तिच्यावर ओरडले. दुपारपर्यंत मी सगळ्यांवर ओरडले. भाकरी करपवली. मग मी ठरवलं की बस झालं.

मामा गोठ्यात होते, म्हशीच्या दाव्याला गाठ मारत. मी म्हटलं, "मामा, मी आज ह्यांना सांगणार आहे. पाणी मी मारलं होतं ते."

ते गाठ मारत राहिले. "काय गरज न्हाई."

"तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? मी तुम्हाला सांगितलं होतं घ्यायला?"

मी तिथंही भांडायच्याच आवाजात बोलत होते. मला दुसरा आवाज नाही.

"त्या दिशी तो कसा हुता त्ये बगितलंस न्हवं?" ते म्हणाले. "माज्यावर हात उचालला त्यानं. तुला काय सोडलं असतं? माज्यावर रुसला तरी हितंच जेवतोय, हितंच निजतोय. तुज्यावर रुसला असता तर तू ती ल्हानगी पोर घिऊन, ती नळी घिऊन, कुटं गेली असतीस? माहेरी? तितं तर चूल हाय." गाठ पक्की झाली का ते त्यांनी ओढून पाहिलं. "तीन वर्सं झाली. माजी काय ऱ्हायलीत आता. ऱ्हाऊ दे माज्याच नावावर."

जन्मात मी कुणाचं पहिल्या शब्दाला ऐकलेलं नाही. सासूचं नाही, नवऱ्याचं नाही, डॉक्टरांनाही मी उलट बोलले आहे. गोठ्यात जाताना मी मनात तयारी केली होती की मामा नको म्हणतील, मग मी म्हणेन, नाही मामा, मला सांगायचंच आहे, तीन वर्षं तुम्ही शिव्या खाल्ल्या, आता माझ्या वाट्याच्या मला खाऊ द्या. सगळी वाक्यं तोंडपाठ होती.

"बरं," मी म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की दावं हातात तसंच धरून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.